दाताच्या दवाखान्यातली हवा: सुगंधी तेल केव्हा, किती आणि कशानंतर

ज्या दवाखान्यांत सुगंधी तेलाने हवेतले जिवाणू कमी करू पाहतात, तिथे हे काम बहुधा असं चालतं. टेबलावर पाण्याचा छोटा डिफ्यूझर (तेल हवेत पसरवणारं यंत्र), त्यात निलगिरीचे दहा थेंब, दार बंद, एसी चालू आणि त्याच खोलीत स्केलिंग, म्हणजे दातांवरचा थर खरवडणं. वास छान येतो. हवेतले जिवाणू मात्र होते तेवढेच राहतात, क्वचित वाढतातही. डिफ्यूझरचा प्रकार चुकला, वेळ चुकली, दार बंद ठेवणं चुकलं आणि एसीने हवा बदलते हा समजही चुकला. या चारही गोष्टी पुढे आपापल्या टप्प्यावर येतील.

## सुरुवातीला एक हिशेब

तेलाच्या वाफेने जिवाणूंची वाढ थांबते हे प्रयोगशाळेत दिसतं, पण ते हवाबंद डब्यात. दालचिनीच्या सालीचं किंवा थाइमचं तेल घेतलं, म्हणजे सगळ्यात जोरकस तेलांपैकी एखादं, तरी तिथे दर लिटर हवेमागे काही मिलिग्रॅम लागतं. आपण लिटरला ३ मिलिग्रॅम धरू. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच असेल तर आत ३३.६ घनमीटर, म्हणजे ३३,६०० लिटर हवा आहे. तेल लागेल सुमारे १०० ग्रॅम. १० मिलिलिटरच्या अकरा बाटल्या! एवढी वाफ असलेल्या खोलीत पेशंट सोडाच, तुम्हालाही उभं राहवणार नाही.

दहा थेंब म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर, वजनाने ४५० मिलिग्रॅमच्या आसपास. सगळं उडालं तरी घनमीटरला १३ मिलिग्रॅम पडतं. डब्यातल्या मात्रेपेक्षा हे दोनशे पटींहून कमी आहे.

एवढ्यावरून तेल टाकाऊ ठरवायची घाई नको. पण तेल हे साखळीतलं शेवटचं काम आहे आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे नाकाने कळत नाही, एवढं या हिशेबावरून पक्कं होतं.

## टप्पा १: तेलाची बाटली उघडण्याआधी मोजा

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. ९० मिलिमीटरच्या अगार प्लेट (जिवाणू वाढवायच्या थराच्या बशा) एखाद्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून तयार मिळतात. पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे: जमिनीपासून १ मीटर उंच, भिंतीपासून १ मीटर लांब, झाकण काढून १ तास. मग झाकण लावून प्लेट परत पाठवायची. ३६ ते ३७ अंशांवर ४८ तास ठेवल्यावर वसाहती, म्हणजे उगवलेले जिवाणूंचे ठिपके, मोजतात. एका प्लेटवर ५ पर्यंत वसाहती म्हणजे हवा फार चांगली, २५ पर्यंत चांगली, ५० पर्यंत बरी. ७५ च्या वर गेलात तर तेलाचा विचार बाजूला ठेवून थेट टप्पा ४ आणि ५ वर जा.

कमीत कमी तीन वेळा मोजा: सकाळी पहिला पेशंट येण्याआधी, स्केलिंग चालू असताना आणि ते संपल्यानंतर अर्ध्या तासाने. प्रत्येक वेळी खुर्चीजवळ एक आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक प्लेट ठेवा. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करा. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. त्या दिवशी एखादा पेशंट खोकत असेल किंवा असिस्टंट चारदा दार उघडून आत-बाहेर करत असेल, तर आकडा तेवढ्याने बदलतो.

तपासणी: प्रत्येक खेपेला एक प्लेट झाकण न काढता तशीच ठेवा. तिच्यावरही वसाहती उगवल्या तर प्लेटच खराब होत्या. ती मोजणी फेकून द्या.

इशारा: नेहमीची प्लेट तेलाच्या वाफेत उघडी ठेवली तर अगार तेल शोषून घेतो. मग पडलेले जिवाणू जिवंत असूनही वाढत नाहीत. आकडा सुंदर दिसतो, हवा तशीच असते. तेलाचे गोडवे गाणाऱ्या घरगुती चाचण्यांची गोम बहुधा इथेच असते. प्रयोगशाळेकडून लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० घातलेला अगार मागा. ते तेलाचा उरलेला परिणाम बराचसा निष्प्रभ करतात. पहिल्या मोजणीपासून हाच अगार वापरा, नाहीतर आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत.

## टप्पा २: पाण्याची नळी

एअररोटरमधून (दात कोरायच्या यंत्रातून) उडणारं तुषार फक्त पेशंटच्या लाळेचं नसतं. युनिटच्या, म्हणजे खुर्चीला जोडलेल्या यंत्राच्या, बारीक नळ्यांच्या आत जिवाणूंचा चिकट थर बसतो आणि पाण्यासोबत तोही बाहेर येतो. स्यूडोमोनास आणि लेजिओनेला हे तिथले नेहमीचे भाडेकरू. नळीतल्या पाण्यात मिलिलिटरमागे ५०० पेक्षा जास्त वसाहती नसाव्यात ही सर्वमान्य मर्यादा आहे. पाण्याचा नमुनाही प्लेटसोबतच तपासायला द्या.

प्रत्येक पेशंटनंतर एअररोटर, स्केलर (स्केलिंगचं यंत्र) आणि थ्री-वे सिरिंज (पाणी आणि हवा मारणारी नळी) २० ते ३० सेकंद चालवून पाणी आणि हवा सोडून द्या. त्याने पेशंटच्या तोंडातून नळीत शिरलेला माल निघतो. आतला चिकट थर मात्र एवढ्याने जात नाही. त्यासाठी युनिट बनवणाऱ्याने सांगितलेलंच औषध, त्याने सांगितलेल्या दिवशी. शस्त्रक्रियेला नळीचं पाणी वापरूच नका, तिथे निर्जंतुक पाणी वेगळं लागतं.

इशारा: पाण्याच्या बाटलीत तेलाचे थेंब टाकायची कल्पना पुष्कळांना सुचते. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, आणि नळ्या व रबरी रिंगा खराब करतं. त्यातही स्यूडोमोनास बहुतेक तेलांना दाद देत नाही. म्हणजे जो मारायचा तोच राहतो.

## टप्पा ३: पेशंटच्या तोंडात

या तेलांचा सगळ्यात भरवशाचा उपयोग इथे आहे. हवेत जाणारे जिवाणू ज्या लाळेतून निघतात, तिच्याशी तेलाचे घटक थेट भिडतात. वाफेच्या भरवशावर राहावं लागत नाही.

तयार माउथवॉशमधली ठरलेली चौकडी अशी: थायमॉल ०.०६४ टक्के, युकॅलिप्टॉल ०.०९२ टक्के, मेन्थॉल ०.०४२ टक्के आणि मिथाइल सॅलिसिलेट ०.०६० टक्के. थायमॉल म्हणजे आपलं ओवाफूल, युकॅलिप्टॉल हा निलगिरीचा मुख्य घटक आणि मेन्थॉल पुदिन्याचं. बाटलीवर ही नावं आहेत का ते वाचून घ्या. नुसता ‘हर्बल’ शब्द पुरेसा नाही.

काम या क्रमाने करा:

१. पेशंट खुर्चीत बसल्यावर, भूल देण्याआधी, २० मिलिलिटर मोजून द्या. अंदाजे ओतू नका.

२. घड्याळ लावून ३० सेकंद खळखळून चूळ. पेशंटला वाटणारे तीस सेकंद प्रत्यक्षात दहा-बारा भरतात. असिस्टंटने मोठ्याने मोजलेलं बरं.

३. पेलाभर पाण्याने लगेच पुन्हा चूळ भरू देऊ नका. नेमकी हीच चूक रोज होते, कारण चव तिखट लागते आणि पेशंट पाणी मागतो.

४. पेल्यात थुंकायला सांगा. लाळ ओढणाऱ्या बारीक नळीभोवती ओठ मिटून थुंकायला लावलं तर नळीतला आधीचा माल तोंडात उलटा येऊ शकतो.

५. चूळ झाल्यावर काम लवकर सुरू करा. एक्स-रे, गप्पा, फोन यांत वीस मिनिटं गेली तर चूळ पुन्हा द्या.

काम तासभर चालणार असेल तर क्लोरहेक्सिडिनची चूळ जास्त सोयीची. ते तोंडाच्या आतल्या आवरणाला चिकटून तासन्‌तास काम करतं, तेलांचं तसं नाही. मात्र ॲलर्जी विचारल्याशिवाय तेही देऊ नका. आणि कोणतीही चूळ हिरडीखालच्या खिशात पोहोचत नाही. खोल स्केलिंगमध्ये तिथले जिवाणू आणि रक्त उडणारच, म्हणून पुढचा टप्पा टाळता येत नाही.

इशारा: या माउथवॉशच्या बऱ्याच प्रकारांत वीस टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं. लहान मुलं, तोंड सोललेले पेशंट, दारू सोडलेले लोक आणि मेट्रोनिडाझोल हे औषध चालू असलेले यांना तो प्रकार नको, बिनअल्कोहोलचा घ्या. शुद्ध तेल पाण्यात टाकून घरचं माउथवॉश करू नका. वर तरंगणारा थेंब तसाच गालाच्या आतल्या कातडीला लागतो आणि भाजतं.

## टप्पा ४: उडालेलं जागीच ओढून घ्या

इथे कंजुषी केली तर पुढच्या कशालाच अर्थ उरत नाही.

लाळ ओढणारी बारीक नळी म्हणजे सक्शन नव्हे. हाय व्हॅक्यूमची नळी वेगळी. तिचं तोंड ८ मिलिमीटर किंवा जास्त रुंद असतं आणि ती मिनिटाला २,८०० लिटरपर्यंत हवा ओढते. नीट धरली तर उडणाऱ्या तुषाराचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग ती एकटी गिळते. नीट धरणं म्हणजे स्केलरच्या टोकापासून अर्धा ते दीड सेंटीमीटर. असिस्टंटचा हात दुखतो, तो हळूहळू मागे सरकतो आणि दहाव्या मिनिटाला नळी गालाबाहेर लोंबत असते. माझ्याकडे हे कित्येक महिने चाललं होतं आणि माझं लक्षच नव्हतं. एकदा मोबाइलवर चित्रीकरण करून पाहिलं तेव्हा कळलं. तुम्हीही एकदा करून पाहा.

दात कोरायचा किंवा रूट कॅनाल करायचं असेल तर रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबरी पडदा, लावा. लाळच कामाच्या जागेपासून वेगळी होते. स्केलिंगला तो लावता येत नाही, म्हणून तिथे सक्शनवर दुप्पट लक्ष.

तपासणी: सक्शनची जाळी आज साफ केली का? नळी पाण्याच्या पेल्यात बुडवून पाहा. पाणी झटक्यात गेलं नाही तर आधी ती दुरुस्त करा.

## टप्पा ५: हवा बदला

भिंतीवरचा एसी खोलीतली तीच हवा फिरवतो आणि गार करतो. बाहेरची हवा आणत नाही. दार बंद करून एसी लावला की तुषारातले बारीक कण तासन्‌तास तरंगत राहतात. ५० मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब पटकन खाली बसतात. ५ मायक्रॉनच्या आतले कण लांबवर जातात आणि फुप्फुसात खोल शिरतात.

ताशी किती वेळा हवा बदलते हे काढायचं सूत्र साधं आहे: यंत्र ताशी जितके घनमीटर हवा देतं, त्याला खोलीच्या घनमीटरने भागायचं. हेपा फिल्टरचं (हवेतले बारीक कण गाळणारं) यंत्र ताशी ३०० घनमीटर देत असेल तर ३३.६ च्या खोलीत जवळजवळ ९ वेळा. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या तक्त्यात, हवा ताशी २ वेळा बदलत असेल तर तरंगणारे ९९ टक्के कण जायला १३८ मिनिटं लागतात. ६ वेळा असेल तर ४६ आणि १२ वेळा असेल तर २३ मिनिटं. हेही हवा खोलीभर नीट मिसळते असं धरून. कपाटामागच्या कोपऱ्यात वेळ जास्त लागतो.

एक्झॉस्ट फॅन पेशंटच्या डोक्याच्या बाजूला असावा आणि ताजी हवा तुमच्या पाठीमागून यावी. उलट असेल तर पेशंटचं तुषार थेट तुमच्या तोंडावर.

इथवर आल्यावर टप्पा १ ची मोजणी पुन्हा करा. पुष्कळ दवाखान्यांत आकडा इथेच इतका उतरतो की तेलाची गरज उरत नाही. तसं झालं तर थांबा.

## टप्पा ६: तेल निवडणं

निवड वासावर करू नका. तीन प्रश्न विचारा: त्यात मुख्य घटक कोणता, तो दंतकामाच्या सामानाला बाधतो का, आणि खोलीत येणाऱ्यांना सोसतो का?

लवंग तेल बाद. त्यातलं युजेनॉल कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) पक्कं होऊ देत नाही. हाताला, ट्रेला किंवा मॅट्रिक्सला (भरणाभोवती लावायच्या पट्टीला) थोडं लागलं तरी भरण मऊ राहण्याची भीती. शिवाय दातांच्या डॉक्टरकडचा तो ओळखीचा वास लवंगेचाच, घाबरट पेशंट वासानेच आखडतो. थाइम आणि ओरेगॅनोची तेलं जिवाणूंवर जोरकस आहेत, पण त्यांतले थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल युजेनॉलच्याच जातकुळीतले आणि श्वासनलिकेला झोंबणारे. दालचिनीचं तेल कातडीला फार लागतं.

उरतात टी ट्री, निलगिरी, गवती चहा आणि लव्हेंडर. मी टी ट्रीकडे झुकतो, कारण त्याचा मुख्य घटक टर्पिनेन-४-ऑल किती असावा हे आयएसओ ४७३० या मानकाने ठरवून दिलं आहे आणि विक्रेत्याकडे तपासणीचा कागद मागता येतो. कागद नाही म्हणाला तर घेऊ नका. लव्हेंडरचा वास पेशंटला बरा वाटतो हे खरं, पण तो वेगळा विषय.

इशारा: निलगिरी, पुदिना आणि कापूर असलेली तेलं तान्ह्या आणि लहान मुलांच्या श्वासाला धोकादायक ठरू शकतात. मुलांचे दात तपासणाऱ्या खोलीत ती आणूच नका. तुमच्याकडे किंवा स्टाफमध्ये कुणाला दमा असेल तर कोणतंच तेल हवेत सोडू नका, इथेच थांबा.

## टप्पा ७: उपकरण

पाण्याचा अल्ट्रासॉनिक डिफ्यूझर नको. त्याच्या टाकीत कोमट पाणी दिवसेंदिवस पडून राहतं, भिंतीला बुळबुळीत थर धरतो आणि यंत्र त्याचंच धुकं करून खोलीत सोडतं. माझ्या पहिल्या प्रयोगात डिफ्यूझरच्या बाजूची प्लेट खुर्चीजवळच्या प्लेटपेक्षा जास्त भरलेली आली. टाकीत बोट फिरवलं तर साबणासारखं सुळसुळीत लागलं. वर टी ट्रीचा वास होताच!

बिनपाण्याचा, पंख्याने कापडी किंवा फेल्टच्या पॅडवरून हवा फुंकणारा डिफ्यूझर घ्या. मात्रा मोजता येते आणि थेंब न उडता फक्त वाफ जाते. पॅड दर खेपेला नवा. आच देऊन तेल उडवू नका. टी ट्री आणि निलगिरीची वाफ साधारण ५० ते ६० अंशांच्या तापमानालाच पेट घेऊ शकते.

इशारा: ओझोन सोडणारं यंत्र किंवा आयोनायझर त्याच खोलीत चालू असेल तर तेल बंद. ओझोन आणि लिमोनीनसारखे तेलातले घटक एकत्र आले की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. ऑक्सिजन किंवा नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरजवळ, त्यांच्या जोडांजवळ तेलाची बाटली किंवा तेलकट हात न्यायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला पेटवतो.

## टप्पा ८: तेल सोडणं, तेही रिकाम्या खोलीत

१. शेवटचा पेशंट गेल्यावर टप्पा ५ च्या हिशेबाने निघालेली मिनिटं हवा खेळू द्या. तोवर मास्क काढू नका.

२. मग खुर्ची, दिव्याची मूठ, ट्रे आणि ओटा नेहमीच्या जंतुनाशकाने पुसा. आधी पुसलं आणि नंतर कण खाली बसले तर पुसलेलं वाया जातं.

३. कंपोझिटच्या सिरिंजा, बाँडिंगच्या बाटल्या, इंप्रेशनचं सामान, ग्लव्हजचे डबे बंद कपाटात. तेल लॅटेक्स खातं.

४. खिडकी बंद, एक्झॉस्ट बंद, हेपा यंत्रही बंद. त्यात कोळशाचा थर असेल तर तो तेल शोषून घेतो.

५. ३० ते ३५ घनमीटरला अर्धा मिलिलिटर पॅडवर, सिरिंजने मोजून. डिफ्यूझर ३० मिनिटं. खोलीत कुणी नाही. दारावर पाटी.

६. त्यानंतर खिडकी आणि एक्झॉस्ट चालू. सकाळी पहिला पेशंट येईपर्यंत वास जवळजवळ गेलेला असला पाहिजे.

मात्रा वाढवण्याचा मोह होतो. सुरुवातीचा हिशेब आठवा: पाचपट केली तरी डब्यातल्या मात्रेच्या जवळपास जात नाही, पण डोकेदुखीच्या जवळ नक्की जाते.

तपासणी: सकाळी आत शिरताच वास नाकात भरतोय? रात्री हवा नीट बदलली गेली नाही. मात्रा कमी करण्याआधी एक्झॉस्ट पाहा.

## टप्पा ९: फरक तेलाचा आहे का?

दोन आठवडे एक दिवस तेल, एक दिवस बिनतेलाचं, असं आलटून पालटून करा. प्लेट दोन्ही दिवसांनंतरच्या सकाळी, हवा बदलून झाल्यावर, त्याच जागी आणि त्याच वेळी. प्लेटच्या तळाला फक्त आकडा लिहा. कोणती तेलाच्या दिवसाची हे वसाहती मोजणाऱ्याला कळू देऊ नका. आपलीच मेहनत मोजायला बसलं की डोळा एखाद-दोन वसाहती सोडून देतो. तेल आणि बिनतेल यांच्या आकड्यांत भेसळ होत असेल, म्हणजे तेलाच्या काही दिवसांचे आकडे बिनतेलाच्या दिवसांपेक्षा वर असतील, तर तेलाचा परिणाम दिसला असं म्हणू नका आणि ते बंद करा.

आकडा स्पष्ट उतरला तरी बीजाणू आणि क्षयाचे जिवाणू यांबाबत या पद्धतीवर अजिबात विसंबायचं नाही. खोकणाऱ्या, क्षयाचा संशय असलेल्या पेशंटचं तातडीचं नसलेलं काम पुढे ढकला.

वहीत दर खेपेला एवढं लिहा: तारीख, तेलाचं नाव आणि बॅच, बाटली उघडल्याचा दिवस, मात्रा, किती मिनिटं, रात्री एक्झॉस्ट किती वेळ, प्लेटचा आकडा, कुणाला डोकं दुखलं किंवा खोकला आला का. बाटली उघडल्याचा दिवस विसरू नका. हवा लागून टी ट्री आणि लव्हेंडर जुनी होतात, आणि जुनं तेल कातडीची ॲलर्जी जास्त उठवतं. मी बाटलीवरच मार्करने तारीख टाकतो, गडद रंगाच्या काचेत, अंधारात ठेवतो आणि सहा महिने झाले की अर्धी भरलेली असली तरी टाकून देतो.